हंशाचें ध्वनिमुद्रण

कीर्तनकाराचें आख्यान ज्यांनीं देवळांत बसून ऐकलें आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. तीच कथा पोथींत वाचली असतां तशी रंगत नाहीं. शब्द तेच असतात. पण मधलें थांबणें, आवाजाचा चढउतार आणि समोरच्या मंडळींचा प्रतिसाद पोथींत उतरत नाहीं. विनोदी कथेचेंहि असेंच आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी आणि चिं. वि. जोशी यांनीं मराठी विनोदास छापील पानावर मानाचें स्थान मिळवून दिलें. आचार्य अत्रे यांनीं तो भरसभेंत गाजविला. परंतु त्या काळची ध्वनिमुद्रिका मिनिटास ७८ फेरे घेणारी. तिच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांहून अधिक मावत नसे. तींत नाट्यपद बसे. हंशासाठीं थांबत थांबत फुलणारी कथा बसणें अशक्य होतें. १९४८ सालीं दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली, १९६३ मध्यें कॅसेट आली, आणि ही अडचण दूर झाली.

कलावंतहि त्याच सुमारास पुढें आले. १९६१ सालीं पु. ल. देशपांडे यांनीं ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानें रंगभूमीवर उभी केली. त्याच दशकांत व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे गांवोगांवीं कथाकथन करीत हिंडूं लागले. माणदेश, कोल्हापूरचा मुलूख आणि मिरासदारांची भोकरवाडी एकाच व्यासपीठावर बोलूं लागली. नेपथ्य नाहीं, वेषभूषा नाहीं; फक्त माणूस आणि त्याचा आवाज.

श्रोत्यांसमक्ष झालेल्या अशा कथनांचीं ध्वनिमुद्रणें घराघरांत पोंचलीं. पु. लं.ची ‘म्हैस’ ऐकतांना एस.टी.समोर आडवें आलेलें जनावर आणि त्याभोंवतीं जमलेलीं नाना तऱ्हेचीं माणसें एकाच कंठांतून प्रकट होतात. ‘अंतू बर्वा’ ऐकतांना रत्नागिरीच्या म्हाताऱ्याच्या तिरकस बोलण्यावर सभागृह हंसतें. आणि त्याच बोलण्याआडचें एकटेपण उमगूं लागतें, तसें तेंच सभागृह स्तब्ध होतें. ही स्तब्धता पुस्तकांत छापतां येत नाहीं. हंशा हा येथें कथेचाच भाग आहे. कथाकार त्याच्या लाटेवर पुढचें वाक्य सोडतो.

मात्र या लाभास एक किंमत आहे. कथाकथनाची प्रत्येक रात्र वेगळी असते. श्रोते बदलले कीं कथाहि बदलते. यंत्रानें त्यांतील एक रात्र निवडली आणि तीच कायमची ठरविली. पुढील पिढ्यांना कोठें हंसावयाचें हें आधींच पाठ झालें. मुद्रा आणि हातवारे निसटले; इतर असंख्य रात्री तर ऐकणारांच्या आठवणींतच राहिल्या.

शंकर पाटील १९९४ सालीं, पु. ल. २००० सालीं, माडगूळकर २००१ सालीं आणि मिरासदार २०२१ सालीं निवर्तले. त्यांचे आवाज उरले आहेत. पण त्या ध्वनिमुद्रणांत आणखीहि कोणी उरलें आहे: तिकीट काढून आलेले, अंधारांत खुर्चींवर बसलेले, नांव न उरलेले ते श्रोते. एखादें घर आज ‘म्हैस’ ऐकून हंसतें, तेव्हां तें एकटें हंसत नसतें. तेहि सोबतीला असतात.