भिंग गेले नव्हते

कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या गावी माझ्या मामूंचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, शाळेचा निरोप समारंभ, पासपोर्टचे फोटो, सगळे तिथेच व्हायचे. त्यांचा कॅमेरा रशियन बनावटीचा, झेनिट. तो इतका जड, की मामू म्हणत, "फोटो नाही आला तरी चोर मारायला उपयोगी पडेल." पुढे स्टुडिओ बंद झाला, कॅमेऱ्याच्या आतला पडदा कुजून गेला. भिंग मात्र मामूंनी सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात जपले. कोकणचा पावसाळा काचेवरही बुरशी चढवतो, हे जाणणाऱ्या माणसाची ती काळजी होती.

काही वर्षांपूर्वी मी ते भिंग मागून घेतले. मधे बसणारी धातूची कडी, म्हणजे अडॅप्टर, विकत आणला आणि भिंग भाच्याच्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याला लावले. घरातल्या मुलांचे चेहरे सुरेख आले. मग खाडीवर गेलो. पलीकडचा तीर काही केल्या स्पष्ट होईना. आठ-दहा फुटांपलीकडचे सारेच धूसर. घरी येऊन मी सांगून टाकले, "मामू, तुमचे भिंग गेले." ऐंशी ओलांडलेले मामू काही बोलले नाहीत. त्यांनी भिंग उजेडाकडे धरून पाहिले आणि परत डब्यात ठेवून दिले.

भिंग गेले नव्हते. चुकलो होतो मी, आणि तेही जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या हिशेबात. तो हिशेब समजून घेता घेता मी थेट जर्मनीत, ड्रेस्डेन आणि येना या दोन गावांत जाऊन पोचलो.

एसएलआर म्हणजे ज्या भिंगातून फोटो निघतो त्याच भिंगातून आपल्याला पाहता येते असा कॅमेरा. भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असतो. बटण दाबले की तो वर उचलला जातो. ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा 'किने एक्झाक्टा' हा अशा कॅमेऱ्यांतला अगदी सुरुवातीचा. तो १९३६ मध्ये ड्रेस्डेनच्या इहागे कारखान्यातून बाहेर पडला. त्याच शहरात झाइस इकॉनचे कॅमेरे होत, आणि येनाला कार्ल झाइसची भिंगे. व्हिली मेर्टे या गणितज्ञाच्या आकडेमोडीतून उतरलेले 'बायोटार' हे त्यांतलेच एक नामांकित भिंग.

मग युद्ध आले. फेब्रुवारी १९४५ मधल्या बॉम्बवर्षावात ड्रेस्डेन बेचिराख झाले. एप्रिलमध्ये येनात अमेरिकी फौजा शिरल्या. दोस्तांच्या वाटणीप्रमाणे तो मुलूख रशियाकडे जायचा होता. तो सोडताना अमेरिकनांनी झाइसची ऐंशीच्या आसपास तज्ज्ञ माणसे आपल्याबरोबर पश्चिमेकडे नेली. मागून आलेल्या रशियनांनी कारखान्यातली बहुतेक यंत्रे उचलून आपल्या देशी नेली. एकाने माणसे घेतली, दुसऱ्याने यंत्रे. पश्चिमेत नेलेल्या माणसांनी ओबरकोखेन या गावी नवे झाइस उभे केले. येनात उरलेल्यांनी जुने पुन्हा उभारले. एका नावाचे दोन कारखाने झाले आणि दोघेही म्हणू लागले, खरे झाइस आम्हीच.

नावाचा हा तंटा बरीच वर्षे चालला. पश्चिमेकडच्या कित्येक देशांत येनाच्या मालावर 'झाइस' हे नाव घालायची सोय उरली नाही. मग भिंगांवर नुसते 'आउस येना', म्हणजे 'येनाहून', असे कोरले जाऊ लागले. 'टेसार'चे झाले 'टी', 'बायोटार'चे 'बी'. पूर्वेकडचा 'कॉन्टॅक्स' कॅमेरा 'पेंटाकॉन' या नावाने विकला जाऊ लागला. १९७१ मध्ये लंडनला करार होऊन कोणत्या देशात कोणी कोणते नाव वापरायचे हे ठरले. देशाची फाळणी आपण ऐकून आहोत. ही एका आडनावाची फाळणी होती. जर्मनी १९९० मध्ये एक झाली, त्यानंतर ही दोन घरेही पुन्हा जोडली गेली.

या सगळ्या ओढाताणीत एक साधी गोष्ट मात्र कुणाच्याच मालकीची राहिली नाही. १९४९ मध्ये ड्रेस्डेनहून 'कॉन्टॅक्स एस' आला. त्याला भिंग बसवण्यासाठी तोंडाशी आटे पाडलेले होते: ४२ मिलिमीटर व्यास आणि दर फेऱ्याला १ मिलिमीटर. बरणीचे झाकण फिरवावे तसे भिंग फिरवून बसवायचे. हेच आटे ड्रेस्डेनच्याच प्राक्टिकाने घेतले. जपानमध्ये १९५७ च्या आसाही पेंटॅक्सने घेतले. पुढे याशिका, मामिया, फुजी, चिनॉन यांनीही घेतले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने 'झेनिट ई'ला तेच आटे दिले. त्यांना 'युनिव्हर्सल' म्हणजे सार्वत्रिक आटे म्हणत, ते खोटे नव्हते. शीतयुद्धात एकमेकांकडे डोळे वटारून पाहणाऱ्या देशांची भिंगे एकमेकांच्या कॅमेऱ्यांवर निमूटपणे बसत होती.

मामूंचे भिंग 'हेलियोस ४४-२'. छपन्न नव्हे, पन्नास नव्हे, नेमके ५८ मिलिमीटरचे, कारण त्याची मूळ मांडणी त्याच बायोटारची. बनले रशियात, पण त्याचे आजोळ येना.

आता तो हिशेब. भिंगातून आलेला प्रकाश मागे ठरावीक अंतरावर एकवटतो, फिल्म तिथेच असावी लागते. भिंग टेकते त्या कडेपासून फिल्मपर्यंतचे हे अंतर प्रत्येक घराण्याचे वेगळे. ४२ च्या आट्यांसाठी ते ४५.४६ मिलिमीटर. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईओएस कॅमेऱ्यांत ते ४४. म्हणजे दोहोंत १.४६ मिलिमीटरची मोकळी जागा, साधारण रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी. तेवढ्या जाडीची कडी मधे घातली, की जुने भिंग आपल्या मूळ घरी होते तितक्याच अंतरावर बसते आणि क्षितिजापर्यंतचे सारे लख्ख दिसते. निकॉनमध्ये मात्र हे अंतर ४६.५. तिथे भिंग मुळातच १.०४ मिलिमीटर जास्त पुढे राहते, वर कडीची जाडी. जवळचे दिसते, दूरचे हरवते. मी नेमके अशा खोल कॅमेऱ्यावर भिंग लावून बसलो होतो. कडीत भरपाईची एक काच घातली तर हे साधते, पण मग चित्र भिंगाचे राहत नाही, त्या काचेचेही होते.

यात एक गंमत आहे. निकॉनने १९५९ पासूनची आपली बैठक एसएलआरमध्ये शेवटपर्यंत सांभाळली, घरच्या जुन्या भिंगांना अंतर दिले नाही. पण परक्यांना तिथे जागा कमी. कॅननने १९८७ मध्ये जुनी बैठक मोडली. त्यांची स्वतःची जुनी एफडी भिंगे ४२ मिलिमीटरच्या हिशेबाची. ती नव्या कॅमेऱ्यावर साध्या कडीने दूरचे दाखवू शकत नाहीत. घरचे उंबऱ्याबाहेर राहिले आणि परक्यांना पाहुणचार मिळाला! पेंटॅक्सने १९७५ मध्ये आटे सोडून नवी बैठक आणली, तेव्हा अंतर मात्र जाणून ४५.४६ च ठेवले. जुन्या गिऱ्हाइकांची भिंगे पातळ कडीने नव्या कॅमेऱ्यावर चालावीत म्हणून. धंद्यात असाही विचार होतो.

आज आरसा नसलेले कॅमेरे आले आहेत. आरशाची जागा गेल्याने हे अंतर सोनीत १८, निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यांत १६ मिलिमीटरवर आले. त्यामुळे एसएलआरचे जवळजवळ कुठलेही जुने भिंग त्यांवर बसते. नव्या पिढीला हेलियोस आवडते ते त्याच्या दोषासाठी. मागे झाडाची पाने असली, की फोटोत ती भोवऱ्यासारखी गोल फिरल्यागत दिसतात. कडेच्या प्रकाशाची वाट भिंगाच्या चौकटीने अर्धवट अडते, मधले गोल ठिपके कडेला लिंबाच्या आकाराचे होतात आणि जोडीला प्रतिमा थोडी वक्र पडते, त्याचा हा परिणाम. कारखान्यांनी जो दोष घालवण्यात वर्षे घालवली, तोच आता हौसेने शोधला जातो.

हे सारे कळल्यावर मी पुतणीचा, ४४ च्या हिशेबाचा कॅमेरा आणि नवी कडी घेऊन मामूंकडे गेलो. डबा मागितला. "गेलेय म्हणालास ना?" ते म्हणाले. मी म्हटले, "मामू, भिंग नाही, माझा हिशेब गेला होता."

आम्ही खाडीवर गेलो. हे भिंग कॅमेऱ्याशी बोलत नाही. त्यात वीज नाही, तारा नाहीत. एका कड्याने छिद्र किती ठेवायचे ते ठरवायचे, दुसऱ्याने ते उघडायचे, मग नेम साधायचा आणि टिपण्याआधी छिद्र पुन्हा मिटायचे. मला दर वेळी वाकून बघावे लागते. मामूंनी न बघता उघडले, साधले, मिटले. बोटांना सगळे पाठ होते. पडद्यावर पलीकडच्या तीरावरची होडी उमटली, तिच्या दोरीसकट.

"रशियन होते ना हे?" पुतणीने विचारले. मामू म्हणाले, "असेल. माझ्याकडे आले तेव्हापासून इथलेच आहे."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)