तंत्रिकायुक्त ऊतकपट्टे : डोके व मान यांच्या पुनर्रचनेचा इतिहास
अर्बुद काढल्यामुळे किंवा आघातामुळे चेहरा, मुख, जीभ इ. भागांत पडलेली पोकळी भरण्यासाठी रक्तपुरवठा कायम ठेवून वापरलेल्या त्वचा, स्नायू इत्यादींच्या भागास ऊतकपट्टा किंवा फ्लॅप म्हणतात. त्यातील तंत्रिका (मज्जातंतू) नव्या जागेतील तंत्रिकेस जोडल्यास संवेदना किंवा हालचाल काही प्रमाणात परत येऊ शकते.

गालाच्या त्वचेने नाक घडविण्याची कृती सुश्रुतसंहितेत आढळते. टिपू सुलतानच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाचे नाक पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेने पुन्हा घडविण्यात आले. हा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तेथे अशी शस्त्रक्रिया केली. १९६५ नंतर छातीवरील पट्टे मुख व घसा यांसाठी वापरात आले. त्यांनी जखम भरून निघे. परंतु नव्या भागास स्पर्श कळत नसे. त्यामुळे अन्न गालात साठून राही, लाळ नकळत ओघळे.

सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिन्या जोडण्याचे तंत्र विकसित झाल्यावर १९७३ पासून पट्टा पूर्णपणे विलग करून दूर नेणे शक्य झाले. १९७६ मध्ये जपानमधील कियोनोरी हारी व सहकाऱ्यांनी मांडीतील ग्रॅसिलिस स्नायू चेहऱ्याच्या पक्षाघातासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी स्नायूची तंत्रिका चर्वणस्नायूकडे जाणाऱ्या तंत्रिकेस जोडली होती. अशा जोडणीत हसण्यासाठी प्रथम दात आवळावे लागतात. उत्स्फूर्त हास्यासाठी निरोगी बाजूच्या चेहऱ्याच्या तंत्रिकेपासून पोटरीतील तंत्रिकेचे कलम दुसऱ्या बाजूस नेतात आणि काही महिन्यांनी त्यास स्नायू जोडतात. १९९० मध्ये अमेरिकेतील मार्क अर्केन व सहकाऱ्यांनी हाताच्या पुढील भागातील पट्ट्याची त्वचा-तंत्रिका जोडून मुखात संवेदना आणण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला.

तंत्रिकातंतू दिवसाला सु. १ मिमी. वाढतात, तोपर्यंत तंत्रिका तुटलेला स्नायू क्षीण होत जातो. म्हणून जोडणी शक्य तितक्या लवकर करतात. जिभेच्या अनेक स्नायूंची एकत्रित हालचाल मात्र एका पट्ट्याने साधत नाही. मुखाचा कर्करोग भारतात, विशेषतः पुरुषांत, मोठ्या प्रमाणावर आढळतो. रोगमुक्त झाल्यावर रुग्णाला बोलता व गिळता येणे हे त्याच्या दृष्टीने जगण्याइतकेच महत्त्वाचे असल्याने या शस्त्रक्रियांना येथे विशेष महत्त्व आहे.