ग्रेच्चोची रिकामी गव्हाण

१/ नाताळ जवळ आला की चर्चच्या आवारात आणि घराघरांत गोठ्याचे देखावे उभे राहतात. या प्रथेचा माग काढू लागले की इतिहास डिसेंबर १२२३ मधील मध्य इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरी गावापाशी येऊन थांबतो. मात्र त्या रात्रीच्या सर्वांत जुन्या वृत्तान्तात बाळ येशूच्या मूर्तीचा उल्लेखच नाही.

२/ या सोहळ्यामागे होते असिसीचे फ्रान्सिस. सधन कापड व्यापाऱ्याच्या या मुलाने वडिलांच्या संपत्तीवर पाणी सोडून दारिद्र्याचे व्रत घेतले होते. १२१९ मध्ये, धर्मयुद्ध ऐन भरात असताना, ते इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिल यांना निःशस्त्र भेटले. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप होनोरियस तिसरे यांनी त्यांच्या संघाच्या नियमावलीस मान्यता दिली. त्यानंतर महिन्याभरातच नाताळ आला.

३/ नाताळाच्या सुमारे पंधरा दिवस आधी फ्रान्सिस यांनी जॉन नावाच्या स्थानिक सरदाराला बोलावून घेतले. बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाने सोसलेली गैरसोय त्यांना देहाच्या डोळ्यांनी पाहायची होती. त्यासाठी गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव एवढेच हवे होते. डोळ्यांच्या विकाराने ग्रासलेल्या माणसाची ही इच्छा होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

४/ त्या रात्री आसपासचे स्त्रीपुरुष मेणबत्त्या आणि मशाली घेऊन डोंगर चढून आले. गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली. फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेतील भाकरीत ख्रिस्त स्वतः उपस्थित असतो. त्या अर्थाने मूर्तीवाचूनही गव्हाण रिकामी नव्हती.

५/ चरित्रकार सेलानोचे थॉमस एका दृष्टान्ताची नोंद करतात. उपस्थितांपैकी एका सज्जनाला गव्हाणीत निश्चेष्ट बालक दिसले आणि फ्रान्सिस जवळ जाताच ते झोपेतून जागे झाले. थॉमस याचा अर्थही सांगतात: अनेकांच्या अंतःकरणात ते बालक विस्मृतीत गेले होते. म्हणजे उणीव देखाव्याची नव्हती, स्मरणाची होती.

६/ हे स्मरण गव्हाणीपाशीच संपत नव्हते. थॉमस यांच्याच दुसऱ्या चरित्रानुसार, नाताळाच्या दिवशी श्रीमंतांनी भुकेल्यांना पोटभर जेवू घालावे आणि बैल-गाढवांना नेहमीपेक्षा अधिक दाणावैरण मिळावी, असा फ्रान्सिस यांचा आग्रह होता. सम्राटाशी बोलता आले, तर या दिवशी पाखरांसाठी रस्तोरस्ती धान्य विखुरण्याचा कायदा करण्याची विनंती करू, असेही ते म्हणत.

७/ ग्रेच्चोनंतर तीन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १२२६ मध्ये, फ्रान्सिस यांचे निधन झाले. त्यांचा संघ सोळाव्या शतकात गोव्यात आणि वसईत पोहोचला. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत. पुढे गोठ्यांत मूर्ती आल्या, रोषणाई आली. त्यात वावगे काही नाही. परंतु ग्रेच्चोच्या कसोटीवर नाताळाचे मोल देखाव्याच्या थाटावरून ठरत नाही. त्या दिवशी भुकेल्याच्या ताटात, जनावराच्या गव्हाणीत आणि पाखराच्या वाटेवर काय पडले, यावरून ते ठरते.