संप्रेरके व चेतापारेषके यांचे स्रवण

अंतःस्रावी पेशी व चेतापेशी रासायनिक संदेश बाहेर सोडतात ती क्रिया. यांतील बहुतेक द्रव्ये सूक्ष्म पुटिकांत साठवलेली असतात. विद्युत् संवेदाने कॅल्शियम आयन पेशीत शिरले की स्नेअर प्रथिनांमुळे पुटिका पेशीपटलाशी एकजीव होते व द्रव्य बाहेर पडते. या यंत्रणेच्या उलगड्यासाठी रॉथमन, शेकमन व स्यूडहोफ या शास्त्रज्ञांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे स्रवण बेताल झाले तर जिवावर बेतते. लाल विंचवाच्या विषाने चेतापेशींतील सोडियमचे मार्ग उघडेच राहतात; त्यामुळे ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन ही द्रव्ये बेसुमार स्रवतात. दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी साचते. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावसकर यांनी महाड येथे प्राझोसिन हे औषध वापरून असे रुग्ण वाचवले.