तळटीप : ‘सगळे जिल्हे एकाच साच्यातले’

* लेखकाचा ‘साचा’ म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘एसथ्रीवास’ ही व्यवस्था. तीन एस म्हणजे सिक्युअर, स्केलेबल आणि (हा मात्र आपला) सुगम्य. नगरचं जिल्हा संकेतस्थळ तिच्यावरच उभं आहे. शेजारच्या बीडचं, नाशिकचंही. मेनू, शोधपेटी, अक्षर लहान-मोठं करायची बटणं हे भाग एकदाच घडवलेले. जिल्ह्यानं मजकूर आणि छायाचित्रं तेवढी भरायची. त्यामुळे बटणातली चूक मुळाशी दुरुस्त केली की सगळीकडे सुधारते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नगरचं, म्हणजे अहमदनगरचं, अहिल्यानगर झालं. तो बदल मात्र मजकुरातला, म्हणून पानोपानी हातानंच करायचा. जुन्या अधिसूचनांच्या स्कॅन प्रतींवर जुनंच नाव राहणार, आणि ते राहावंही. – संपा.