पैजेचा ताळा

पुणे कॅम्पात एम्प्रेस गार्डनशेजारी लष्कराच्या जमिनीवर असलेले रेसकोर्स 1830 सालचे आहे. मुंबईचे महालक्ष्मीचे मैदान त्यानंतर अर्ध्या शतकाने, 1883 मध्ये आले. पावसाळ्यात मुंबईत शर्यती घेणे अवघड, आणि इंग्रजी अमदानीत त्या दिवसांत गव्हर्नरांचा मुक्कामही पुण्याला. त्यामुळे पावसाळी हंगाम पुण्याचा ठरला, तो आजतागायत. 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा ती केवळ शनिवार-रविवारची गाडी होती, आणि मुंबईच्या शौकिनांना पुण्याच्या शर्यतींना आणणे हे तिचे एक मुख्य काम होते. या इतिहासाची आठवण निघाली की घोडे, जॉकी आणि राजेरजवाडे डोळ्यांपुढे येतात. शर्यत संपल्यावर फलकावर जो डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या तिकिटामागे मिळणारी रक्कम, लागतो, त्यामागच्या हिशेबाकडे सहसा कोणी वळत नाही. पण पैज लावणे हा कायदेशीर व्यवहार होऊ शकला त्यात या हिशेबाचा वाटा मोठा आहे. हा हिशेब बाहेरच्या माणसाला जोवर पडताळता येतो, तोवरच त्या व्यवहारावर विश्वास ठेवायला आधार असतो, असे माझे म्हणणे आहे.

मैदानावर पैसे लावण्याच्या दोन रीती आहेत. बुकी भाव देतो तेव्हा तो स्वतःच्या जोखमीवर देतो; घोडा जिंकला तर ठरलेला भाव त्याला चुकवावा लागतो. टोटमध्ये भाव कोणीच देत नाही. सगळ्यांचे पैसे एका पुलात जमा होतात, त्यातून कर आणि क्लबचा हिस्सा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांवर वाटली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने ही रीत रुजवली. तिची अडचण बेरजेची होती: शेकडो खिडक्यांवर शेवटच्या मिनिटापर्यंत तिकिटे फाटत असताना प्रत्येक घोड्याची बेरीज ताजी ठेवायची कशी? जॉर्ज ज्युलियस या इंजिनिअरने मते मोजण्यासाठी एक यंत्र आखले होते. ते निवडणुकीला कोणी घेतले नाही, तेव्हा त्याने ते पैजेच्या बेरजेकडे वळवले आणि 1913 मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मैदानावर ते चालू झाले. मत आणि तिकीट या दोन्ही गोष्टींना लागणारी हमी एकच आहे: प्रत्येक नग एकदाच मोजला जावा आणि मोजलेला सर्वांना दिसावा.

हिशेब किती सोपा दिसतो आणि कुठे अडतो ते एका उदाहरणात पाहू. समजा विनच्या, म्हणजे पहिल्या येणाऱ्या घोड्याच्या, पुलात 1,00,000 रुपये जमले आणि 20 टक्के वजावट धरली. वाटायला उरले 80,000. जिंकलेल्या घोड्यावर दहा-दहा रुपयांची 1,870 तिकिटे आहेत. भागाकार केला तर एका तिकिटाला 42 रुपये 78 पैसे येतात. पैसे सोडून 42 रुपये दिले, तर वाटप 78,540 रुपयांचे झाले आणि 1,460 रुपये शिल्लक राहिले. ते कोणाचे, हे नियमात लिहिलेले असावे लागते. आता प्लेसच्या, म्हणजे पहिल्या काही क्रमांकांत येणाऱ्या घोड्यांच्या, पुलात एखाद्या फेव्हरिटवरच 9,000 तिकिटे लागली असतील आणि त्याच्या वाट्याला 80,000च आले, तर तिकिटाला 9 रुपयेही येत नाहीत. म्हणजे जिंकणाऱ्याने दहा रुपये लावून तोटा सोसायचा. असे होऊ नये म्हणून किमान डिव्हिडंडाचा नियम लागतो, आणि तो लावला की पुलातली तूट कोणाला तरी भरून काढावी लागते. सरळ शर्यतीचा आकडा कोणीही बरोबर काढेल. हिशेबाची परीक्षा अशा कडेच्या जागी होते.

आपल्याकडे जुन्या शाळेत गणित सोडवल्यावर ताळा करायला लावत. नऊ टाकून केलेला ताळा जुळला नाही, तर उत्तर नक्की चूक. पण जुळला म्हणून उत्तर बरोबर असतेच असे नाही: 42 च्या जागी 24 लिहिले तरी तो ताळा जुळतो. आता डिव्हिडंड संगणकाचा प्रोग्रॅम काढतो; तो तपासणाऱ्याने हा धडा विसरू नये. दोन घोडे एकाच क्षणी रेषा ओलांडतात, त्याला डेड हीट म्हणतात. वरच्या 80,000चे अशा वेळी दोन समान भाग करायचे असा नियम धरू. पहिल्या घोड्याच्या 1,870 तिकिटांना प्रत्येकी 21 रुपये 39 पैसे येतात, दुसऱ्याच्या 3,000 तिकिटांना 13 रुपये 33 पैसे. एखाद्याने घाईत सगळी 4,870 तिकिटे एकत्र करून 80,000ला भागले, तर दोघांनाही 16 रुपये 43 पैसे मिळतील. पुलात आले किती आणि गेले किती, याची बेरीज दोन्ही रीतींनी तितकीच येते. जमाखर्च जुळेल, आणि तरी एका घोड्यावरचे लोक नाडले जातील. म्हणून हाताने सोडवलेली उदाहरणे हवीत, नियमाचे प्रत्येक कलम ओलांडणारी हवीत, आणि ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याच्याखेरीज दुसऱ्याने सोडवलेली हवीत.

पडताळता येणाऱ्या हिशेबाच्या उलट टोकाला मटका आहे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावत. 1961 मध्ये ते भाव येणे थांबले आणि 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी, तर 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. त्याचे गणित मात्र नेटके आहे. पत्ते उचलून आकडा ठरवायचा, तर चित्रे वगळून उरलेल्या चाळीस पत्त्यांतून तीन उचलण्याचे 9,880 प्रकार होतात. तिन्हींच्या बेरजेचा एकम स्थानचा अंक हा निकाल. दहापैकी प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर 988 प्रकार येतात. अंकाला नऊपट भाव धरला, तर लावलेल्या रुपयामागे सरासरी परतावा 90 पैसे. पत्तीवर, म्हणजे तीन पत्त्यांच्या नेमक्या संचावर, पैसे लावले की चित्र बदलते. वेगवेगळ्या पत्त्या 220 आहेत, म्हणून त्या सारख्याच येत असतील असे वाटते. पण 1-2-3 ही पत्ती 64 प्रकारे जमते, 1-1-2 ही 24 प्रकारे आणि 1-1-1 फक्त 4 प्रकारे. 220 ने भागून अपेक्षित परतावा काढणाऱ्याचा प्रोग्रॅम बिनचूक चालेल आणि उत्तर चुकीचे देईल, कारण चूक गृहीतकात बसलेली आहे. शिवाय हे सगळे आकडे पत्ते खरोखर पिसलेले असतील तरच खरे, आणि ते पाहण्याचा अधिकार मटक्यात कोणालाही नव्हता.

पिसलेला पत्ता खरोखर पिसला जातो का, या प्रश्नाचा अभ्यास पुण्यात राहणाऱ्या एका विद्वानाने केला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी 1945 पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले तरी घर पुण्यातच ठेवून डेक्कन क्वीनने ये-जा करत राहिले. 1958 मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा आणि यू. व्ही. आर. राव यांचा निबंध आला. विषय होता, हाताने पत्ते पिसल्याने क्रम कितपत यदृच्छ होतो. पुढे 1992 मध्ये बायर आणि डायकॉनिस यांनी 52 पत्त्यांच्या जोडाला साधारण सात वेळा नीट पिसावे लागते, असे दाखवले. कोसंबींच्या निबंधाचे मोल पैजेच्या हिशेबालाही आहे. संभाव्यतेचे सूत्र वापरण्याआधी ते ज्या गृहीतकावर उभे आहे तेच मोजून पाहावे, हे त्यातून शिकता येते. आज पत्त्यांच्या जागी संगणकाने काढलेली यदृच्छ संख्या आली आहे. तिलाही हीच कसोटी लावायला हवी.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे: ज्या व्यवहारात घरे बसतात, त्याचा हिशेब बिनचूक करून काय साधणार? बंदी घाला. या आक्षेपातली कळकळ खरी आहे, आणि कायदाही त्या दिशेने गेला आहे. 1887च्या जुगार प्रतिबंधक कायद्यापासून 2025च्या ऑनलाइन पैशांच्या खेळांवरील बंदीपर्यंत ही वाट दिसते. तरी शर्यतींची पैज कायद्याच्या चौकटीत राहिली, 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कौशल्याचा खेळ ठरवले, आणि 1969 पासून राज्याची लॉटरी खुद्द सरकार चालवत आले. जे कायद्याने चालते तिथे सामान्य माणसाचा पैसा जातो. तिथला हिशेब चुकला तर फसवणुकीला राज्याचा शिक्का बसतो. शिवाय रुपयामागे सरासरी किती पैसे परत येतात, हे तिकिटाशेजारी छापलेले वाचले तर माणूस निदान जाणून पैसे लावील. दुसरा आक्षेप असा की टोटचा भाव शेवटपर्यंत बदलतो, मग अपेक्षित परतावा आधी सांगणार कसा? एका घोड्याचा सांगता येत नाही हे खरे. पण सगळ्या पुलाचा सांगता येतो, कारण वजावट आधी ठरलेली असते, आणि लावणाऱ्याला मुळात तोच कळायला हवा.

कौशल्य की नशीब, या प्रश्नावर न्यायालयांनी दशके घालवली. 1957च्या चमारबागवाला खटल्यातही, बक्षीस-स्पर्धांच्या निमित्ताने, रेषा तिथेच ओढली गेली. त्या रेषेच्या जोडीला आणखी एक ओढावी: ज्याचा हिशेब उघडा आहे आणि ज्याचा झाकलेला आहे, त्यांच्यामधली. पुण्याच्या मैदानावर फलकावर पुलाची बेरीज लागते, तेव्हा कागद-पेन्सिल घेतलेला कोणीही आपल्या तिकिटाचा डिव्हिडंड काढून पाहू शकतो. आता ती बेरीज प्रोग्रॅम करतो, म्हणून वजावट, पैसे सोडण्याची रीत, डेड हीटची विभागणी आणि शिलकीचा धनी हे सगळे प्रोग्रॅमच्या आत गेले आहे. ते नियम साध्या मराठीत, सोडवलेल्या उदाहरणांसह, खिडकीशेजारी लावलेले असावेत. मग कागद-पेन्सिलवाल्याला आपला ताळा करता येईल, आणि ताळा चुकला तर कोणत्या कलमाकडे बोट दाखवायचे तेही कळेल.