घरातले पिनबॉल यंत्र आणि त्याची दुरुस्ती
(नभोवाणीवरील भाषण)



करमणुकीच्या एखाद्या यंत्राचा इतिहास सांगावयाचा म्हणजे ते कोणी शोधून काढले, कोणत्या साली किती खपले आणि लोकांना त्याचे वेड कसे लागले, एवढे सांगून वक्ता बहुधा थांबतो. ते यंत्र बिघडले तेव्हा कोणी उघडले, कशाने दुरुस्त केले आणि पुढे ती दुरुस्ती कोणाच्या हाती राहिली, ही कथा सहसा सांगितली जात नाही. पिनबॉल या अमेरिकन खेळाविषयी आज मला ही दुसरी कथा सांगावयाची आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. चार पायांवर एक लांबट पेटी उभी असते. तिच्यात काचेखाली एक उतरती फळी. तिच्यावर सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी धावते. पेटीच्या दोन बाजूंच्या कळा दाबून, फ्लिपर नावाच्या दोन आखूड दांड्यांनी ती गोळी पुन्हा वर उडवावयाची, खाली पडू द्यावयाची नाही, इतकाच खेळ. गोळी जेथे आदळेल त्याप्रमाणे गुण मिळतात. असे एक यंत्र शंभर किलोहून अधिक भरते. पूर्वी ते दुकानांत, उपाहारगृहांत व मद्यगृहांत असे. आज त्यांपैकी कितीतरी यंत्रे लोकांच्या राहत्या घरांत आहेत. आजच्या अडचणीचे मूळ या स्थलांतरातच आहे.

या यंत्राचा पूर्वज आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडे मुलांच्या खेळण्यांत खिळे ठोकलेली, खाचा पाडलेली, काचेच्या गोट्यांनी खेळावयाची जी बॅगाटेलची पाटी असे, तिचेच हे कुळ. फ्रान्समधून निघालेला हा खेळ अमेरिकेत पोचला, आणि १८७१ मध्ये सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह याने गोळी मारण्यासाठी स्प्रिंगचा दट्ट्या बसविण्याचे पेटंट घेतले. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलिब याने शिकागो येथे काढलेले ‘बॅफल बॉल’ हे यंत्र हजारांनी खपले. या काळच्या यंत्रात लाकूड, खिळे, काच आणि एक स्प्रिंग यांवाचून फारसे काही नव्हते. ते बिघडले तर कोणत्याही सुताराने नीट करावे.

वीज आली ती १९३३ मध्ये. हॅरी विल्यम्स याच्या ‘काँटॅक्ट’ या यंत्रात विजेच्या वेटोळ्याने, म्हणजे कॉइलने, गोळी खाचेतून बाहेर फेकली जाऊ लागली. १९४७ मध्ये गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्राला फ्लिपर आले आणि दैवाच्या खेळात हाताच्या कौशल्याचा प्रवेश झाला. तरीही लोकांच्या मनातला जुगाराचा संशय चटकन गेला नाही. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये या यंत्रांवर घातलेली बंदी १९७६ पर्यंत उठली नव्हती.

वीज येऊन पुढे सुमारे चार दशके या यंत्रात विजेचा खेळ चाले, तो सर्व डोळ्यांना दिसणारा. आत शेकडो पितळी पट्ट्या, रिले, दातेरी चाके आणि एक फिरती मोटर. गोळी कशावर आदळली की पट्टी पट्टीला टेकावी, रिले ओढला जावा, चाक एक दात पुढे सरकावे आणि गुणांचा आकडा बदलावा. बिघाड शोधणाऱ्याने झाकण काढून नुसते पाहत राहिले, तरी कोणता रिले हलत नाही हे कळे. फ्लिपरचेच उदाहरण घ्या. त्याच्या कॉइलला दोन वेढे असतात. जाड तारेचा वेढा जोराचा फटका देतो. पुष्कळ रोधाचा बारीक तारेचा वेढा दांडी नुसती वर धरून ठेवतो. दांडी वर पोचताच एक लहानसा स्विच जाड वेढ्याचे काम थांबवितो. त्या स्विचाची टोके काळवंडली तर फटका दुबळा पडतो. टोके एकमेकांना चिकटून बसली तर कॉइल जळते. उपाय काय, तर बारीक कानस, हलका हात आणि पट्टीला किंचित बाक. काम किचकट असे, परंतु गूढ नसे.

शिवाय त्या काळी यंत्राचा मालक आणि खेळणारा हे निरनिराळे असत. एकेका व्यावसायिकाची पन्नास-शंभर यंत्रे गावभर मांडलेली असत; त्यांच्या फेरीला एक मिस्त्री बांधलेला असे. यंत्राची घडणही त्याच मिस्त्रीला समोर ठेवून केलेली होती. काच सरकवून काढावी, फळी उचलून टेकवावी, की सर्व तारा व कॉइली समोर उघड्या. तारांचे रंग ठरलेले, नकाशे यंत्रासोबत दिलेले. हे यंत्र वारंवार बिघडणार, हे गृहीत धरूनच ते बनविले होते.

१९७६-७७ च्या सुमारास मायक्रोप्रोसेसर आला आणि रिलेंचे ते मोहोळ नाहीसे झाले. बिघाड कमी झाले, पण ते दिसेनासे झाले. त्यांचा माग आता तर्काने घ्यावा लागे. नव्या रचनेत आठ उभ्या व आठ आडव्या तारांची एक जाळी असते. प्रत्येक छेदावर एक स्विच बसविला, की अवघ्या सोळा तारांत चौसष्ट स्विचांची दखल घेता येते. प्रत्येक स्विचाशी एक डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने सोडणारा चिमुकला पहारेकरी, जोडलेला असतो. हा पहारेकरी निकामी झाला, तर जाळीतले तीन स्विच एकदम मिटले असता, ज्याला गोळीने स्पर्शही केलेला नाही असा चौथा स्विच मिटल्याचा भास यंत्राला होतो. अननुभवी मनुष्य तो चौथा स्विच काढून नवा घालतो आणि दोष होता तेथेच राहतो.

या काळाचा दुसरा शत्रू अगदी साधा, म्हणजे बॅटरी. वीज बंद असताना आकडे स्मरणात राहावेत म्हणून तिची योजना होती. पुष्कळ बॅली यंत्रांत ती मुख्य बोर्डावरच डाख देऊन बसविलेली असे. विल्यम्सच्या १९९० नंतरच्या यंत्रांत तीन साधे सेल बोर्डावरच्या खोबणीत असत. मद्यगृहातले यंत्र रोज उघडले जाई. घरातले यंत्र मात्र वर्ष-वर्ष बंद राहते, सेल पाझरतो, आणि त्यातला क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. सेल बोर्डापासून दूर, तारांनी जोडून बसविणे हा त्यावरचा सोपा उपाय. तो वेळीच न केल्यामुळे किती बोर्ड वाया गेले असतील, याची गणती नाही.

१९९० ते १९९९ हे दशक या धंद्याच्या भरभराटीचे आणि अस्ताचेही. १९९२ चे ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ हे यंत्र २०,२७० इतके खपले. या काळची यंत्रे आपला बिघाड आपणच सांगू लागली. एखादा स्विच पुष्कळ खेळ होऊनही मिटलाच नाही, तर पडद्यावरच्या आकड्यापुढे एक ठिपका उमटे. खेळणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नसे. मिस्त्री मात्र काय ते ओळखी. परंतु जे जळते ते यंत्राला सांगता येत नाही. फळी उजळणारा एक लहान दिवा पाव अँपिअर घेतो. असे चाळीस दिवे म्हणजे दहा अँपिअर. हा प्रवाह बारीक पिनांच्या जोडणीतून वर्षानुवर्षे गेला, की जोडणी काळी पडते. अशा वेळी फ्यूज पुन्हापुन्हा जातो म्हणून त्याच्या जागी जाड तार घालणे, हा आपल्याकडेही ठाऊक असलेला अविचार, घराला आग लावू शकतो.

१९९६ मध्ये गॉटलिबचा कारखाना बंद झाला आणि १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉलचा विभाग मोडला. त्यानंतर जवळजवळ एक तपभर हा धंदा मोठ्या प्रमाणावर करणारी स्टर्न ही एकच कंपनी उरली. दुकानांतली यंत्रे विकली गेली आणि ती घरोघर आली. मिस्त्री मात्र त्यांच्याबरोबर आला नाही. हौशी मालकांना डाख देणे व मल्टिमीटर वाचणे स्वतःच शिकावे लागले. लहान उत्पादकांनी जुन्या बोर्डांच्या जागी चालणारे नवे बोर्ड काढले; रबरी कडी, कॉइली, प्लॅस्टिकचे तुकडे पुन्हा तयार होऊ लागले. कारखाना बुडाल्यावरही ही यंत्रे जिवंत राहिली, त्याचे कारण एकच: त्यांचे नकाशे लोकांपाशी होते आणि त्यांचे भाग हाताच्या बोटांनी काढता-घालता येण्याजोगे होते.

आता आजच्या यंत्राकडे वळू. २०११ मध्ये जर्सी जॅक ही नवी कंपनी निघाली. २०१५ मध्ये स्टर्नने नवी रचना स्वीकारली. पूर्वी मागच्या उभ्या पेटीतून शेकडो तारा फळीकडे येत. या नव्या रचनेत फळीखाली जागोजागी लहान बोर्ड असून प्रत्येक बोर्ड आपल्या परिसरातले स्विच, दिवे व कॉइली सांभाळतो, आणि मुख्य संगणकाशी एका केबलने बोलतो. यामुळे तारांचे भारे कमी झाले, जोडणी सुटसुटीत झाली. परंतु असा एक बोर्ड गेला, की फळीचा तेवढा भाग एकदम निर्जीव होतो. आणि बोर्डावरचे भाग तांदळाच्या कणीएवढे, पृष्ठभागावर चिकटविलेले. साध्या डाखकामाच्या सरावावर तेथे निभाव लागत नाही. म्हणून बोर्ड दुरुस्त करावयाचा नाही, सबंध बदलावयाचा, अशी रीत पडत चालली आहे. बिघाड जेव्हा यंत्राच्या आज्ञावलीत असतो, तेव्हा तर कंपनीच्या सुधारित आवृत्तीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

याचा अर्थ मालकाच्या हाती काहीच उरले नाही, असा नव्हे. पोलादी गोळी अजून फळीवरच धावते. लाकूड, रबर व कॉइल यांचे गुणधर्म बदललेले नाहीत. गोळीवर चरा पडला की ती कानसेसारखी फळी घासते, म्हणून ती वेळोवेळी बदलावी. फळी पुसून तिला मेणाचा हात द्यावा. उतार साडेसहा अंशांच्या आसपास राखावा. पेटी डावी-उजवीकडे कलू देऊ नये. कॉइलमधली नळी झिजली की फ्लिपर मंदावतो. ती नळी थोड्या पैशांत मिळते. हात आत घालण्यापूर्वी विजेचा प्लग काढावा. आणि काय बिघडले, केव्हा बिघडले, काय बदलले, याची एक वही यंत्राजवळ ठेवावी. कित्येकदा पुढच्या बिघाडाचा धागा मागच्या दुरुस्तीत सापडतो.

पण खरा प्रश्न याच्या पलीकडचा आहे. कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांनी लहान बोर्ड घेतले ते स्वस्त व विश्वासार्ह म्हणून, मालकाला परावलंबी करण्याच्या हेतूने नव्हे. तथापि परिणाम व्हावयाचा तो होतोच. आजची कंपनी आज बोर्ड पुरविते. उद्या ती राहिली नाही तर? १९९९ मध्ये हा प्रसंग एकदा येऊन गेला आहे, आणि त्या वेळची यंत्रे तरली ती सामान्य मनुष्याला वाचता येण्यासारखी होती म्हणून. आजच्या यंत्रांना ती परीक्षा अजून द्यावयाची आहे. तेव्हा मोठी किंमत मोजून असे यंत्र घरी आणणाऱ्याने त्याचे रंग व दिवे अवश्य पाहावेत; परंतु त्याबरोबरच नकाशे मिळतात काय, सुटे बोर्ड मिळतात काय आणि किती वर्षे मिळतील, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. आपल्या घरांतली इतर यंत्रेही याच वाटेने चालली आहेत. तेव्हा हा प्रश्न विचारण्याची सवय केवळ पिनबॉलच्या शौकिनांनीच लावून घ्यावी, असे नाही.